बंद झालेल्या सॅव्हेज ९९ रायफलीचे सुटे भाग कसे मिळवावेत

आर्थर सॅव्हेज यांच्या अमेरिकेतील युटिका येथील कारखान्यातून १८९९ साली बाहेर पडलेली लिव्हरवर (ट्रिगरभोवतीच्या, खालीवर करायच्या दांड्यावर) चालणारी सॅव्हेज ९९ ही रायफल जवळजवळ शतकभर बनत राहिली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. दहा लाखांहून अधिक नग बनले असले तरी तिचे आतले भाग मधल्या काळात अनेकदा बदलत गेले, त्यामुळे ‘सॅव्हेज ९९चा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) हवा आहे’ एवढ्या माहितीवर खरेदीला निघणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

सुरुवात हातातल्या रायफलीपासून करावी. ती रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी, मग रिसीव्हरवर (बोल्ट आणि यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या पोलादी सांगाड्यावर) कोरलेला अनुक्रमांक आणि नळीवरचे काडतुसाचे नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे. नळीवर .३०३ सॅव्हेज असे लिहिले असेल, तर ते ब्रिटिश .३०३ काडतूस नव्हे, हे विसरू नये. अनुक्रमांकाने दहा लाखांचा टप्पा १९६०मध्ये ओलांडला, म्हणून रायफल त्याच्या अलीकडची की पलीकडची हे लगेच कळते. १९४९पासून काही वर्षे लिव्हरच्या सांध्यापाशी लहानशा लंबगोलात एक अक्षर ठोकलेले असे, त्यावरून बनावटीचे साल ठरवता येते. सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) लिव्हरलगत सरकणारी आहे की दस्त्याच्या मानेवर अंगठ्याखाली येणारी, हेही पाहावे, कारण ती १९६०च्या सुमारास वर आली आणि तिच्याबरोबर आतली रचनाही बदलली. जुन्या रायफलीत दस्त्यामागची पोलादी पट्टी उघडली की पट्टीच्या आतल्या बाजूस आणि लाकडावर अनुक्रमांक सापडतो. तो रिसीव्हरवरच्या अंकाशी जुळत असेल, तर तडा गेलेला दस्ताही फेकू नये. जाणकार संग्राहक अशा जुळणीला मोल देतात, तेव्हा नवा दस्ता शोधण्याआधी जुना सांधून घेणे बरे.

त्यानंतर सुट्या भागांचा आराखडा मिळवून हव्या त्या भागाचे कारखान्याने दिलेले नाव आणि क्रमांक शोधावा. सर्वांत जास्त फसगत मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या भागाच्या, बाबतीत होते. या रायफलीची खासियत असलेली पितळी फिरकी काडतुसाच्या घेरानुसार आणि लांबीनुसार घडवलेली असते, म्हणून .३०-३० काडतुसाची फिरकी .३०० सॅव्हेज काडतुसाच्या रायफलीत चालेल असे गृहीत धरू नये. ९९सी या प्रकारात तर फिरकीच नाही, तिथे काढता येणारे पेटी-मॅगझिन आहे. फिरकी स्प्रिंगच्या ताणाखाली बसते. तो ताण पुन्हा नेमका देता येत नसेल, तर ती घरी उघडू नये.

आता बाजार. न्यूयॉर्क राज्यातील न्यूमरिच ही जुन्या बंदुकांच्या सुट्या भागांची नावाजलेली पेढी आहे आणि तिच्याकडे आराखडेही पाहायला मिळतात. ओक्लाहोमातील टल्सा येथे वर्षातून दोनदा भरणाऱ्या मोठ्या शस्त्र-प्रदर्शनात जुने भाग हाताळून घेता येतात. विक्रेत्याकडून भागाचे दोन्ही बाजूंचे, शेजारी मोजपट्टी ठेवलेले फोटो आणि तो ज्या रायफलीतून काढला तिचा अनुक्रमांक मागावा. ‘सगळ्या ९९ना बसतो’ असे सांगणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही. तीन-चार भाग एकदम हवे असतील, तर त्याच काळातली मोडकी रायफल विकत घेणे अनेकदा स्वस्त पडते. मात्र अमेरिकी संघीय कायद्याने रिसीव्हर हेच बंदूक मानले जाते, त्यामुळे तो विक्रेत्याकडून परराज्यातून मागवताना परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच घ्यावा लागतो. शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. १८९८पर्यंत बनलेल्या बंदुकांना मिळणारी पुरातन शस्त्रांची सवलत या मॉडेलला अवघ्या एका वर्षाने हुकते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने येताना एखादी फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) सामानात टाकून आणावी, हा विचार मनात आणू नये. भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येतच सुटे भाग येतात, आयातीला परवाना लागतो आणि अमेरिकेचे निर्यातीचे नियम वेगळेच.

भाग हाती आला की मूळ भागाशेजारी ठेवून दोन्ही मोजावेत. दस्त्याची पट्टी किंवा नेम धरण्याची मागची माशी घरी बसवता येते, फक्त स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारेच पाते वापरावे. बोल्टचे तसे नाही. त्याचा मागचा भाग रिसीव्हरच्या खांद्याला टेकून बंद होतो आणि कारखान्यात तो प्रत्येक रायफलीला जुळवून बसवला जात असे, म्हणून दुसऱ्या रायफलीतला बोल्ट सहज सरकला तरी बोल्टचा दर्शनी भाग आणि काडतूस यांच्यातील अंतर गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) गेजने, म्हणजे मापकाने, तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. काढलेला तुटका भाग नाव-क्रमांकाची चिठ्ठी लावून जपून ठेवावा, कारण बाजारात तो कुठेच न मिळाल्यास गनस्मिथला नमुन्यादाखल तोच द्यावा लागतो.