वाळवंटात पहाटे बॅटरी बसायची, त्यावर केलेला उपाय

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट गावाच्या दक्षिणेला ला पोसा आहे. तिथल्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परवाना काढून मुक्काम करता येतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं राहायचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेऊन डिसेंबरात तिथे गेलो. वीजजोडणी नाही, सगळी भिस्त छतावरच्या सोलर पॅनेलवर.

पाचव्या दिवशी पहाटे हीटर बंद पडला. हिने कुडकुडत उठवलं. मीटरवर ११.८ व्होल्ट, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा रात्रभर बॅटरी खातो.

आधी बॅटरीच जुनी झाली असं वाटलं. मग सकाळी शिडी लावून वर चढलो. नऊ वाजले तरी एसीच्या खोक्याची लांबलचक सावली एका पॅनेलवर आडवी पडलेली, आणि सगळ्यांवर पिठासारखी धूळ. शिवाय डिसेंबरात भर दुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. सपाट ठेवलेल्या पॅनेलला तेव्हा सूर्याकडे तोंड केलेल्या पॅनेलच्या निम्म्याहून थोडंच जास्त ऊन मिळतं.

धूळ पुसली. सावलीतलं पॅनेल काढून खाली जमिनीवर, दक्षिणेकडे तोंड करून, ५५ अंशांवर उभं केलं. वारा तिथे अचानक सुटतो, म्हणून पॅनेलच्या पायांना दगड बांधले. हे विसरू नका. उरलेल्या पॅनेलांखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून त्यांनाही कलतं केलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे मीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी बऱ्यापैकी भरलेली. आम्ही मार्चअखेरपर्यंत राहिलो.