ऑरगॅनिक झबलं आणि डांबरगोळी: बाळाच्या खरेदीत या चुका टाळा

आमच्या बाळंतविड्यात एक झबलं आलं होतं. खोक्यावर हिरवं पान, त्याखाली ‘१०० टक्के ऑरगॅनिक’. इतकं मऊ, की बारशापर्यंत घालायचंच नाही असं ठरवून मी ते कपाटात जपून ठेवलं. शेजारी जुन्या लुगड्यांची दुपटी होती आणि त्यांच्यात डांबरगोळ्या. कावीळ दाखवायला बाळाला दुपट्यात गुंडाळून नेलं, तर डॉक्टरांनी आधी दुपट्याचाच वास घेतला.

डांबरगोळीतलं नॅप्थलीन कपड्यात मुरतं. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. अशी कमतरता आहे की नाही, हे बाळाकडे बघून कळत नाही. आमची कावीळ साधी निघाली, पण ठेवणीतलं कापड वापरायचं असेल तर कपाटातल्या गोळ्या आधीच काढून टाका. कपडे दोन-तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि तरीही वास राहिला तर ते बाळासाठी घेऊच नका.

पानाचं चित्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

कपड्यांसाठी ‘गॉट्स’ (GOTS) हे सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र बघा. त्यातही दोन पायऱ्या आहेत: नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ला ७० टक्के पुरतो. लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो, तो गॉट्सच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘जैविक भारत’ हे चिन्ह खाद्यपदार्थांचं आहे. नाचणीसत्त्वावर ते शोधा, साबणावर नको. साबण-तेलाच्या घटकांची यादी वाचा आणि सुगंध असेल तर परत ठेवा. लॅव्हेंडरचं ‘नैसर्गिक’ तेल हाही सुगंधच.

बांबूच्या कापडाबद्दल तर मला रागच आहे. बाजारातलं बहुतेक बांबू कापड म्हणजे रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस. मऊ असतो, वाईट नाही, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. दाव्याला पुरावा मागायला संकोच करू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

कापडी डायपर: सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात

माझी मोठी चूक म्हणजे बाळ येण्याआधीच ‘फ्री साइज’चे पंधरा नग घेतले. अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांड्या काडीसारख्या, इलॅस्टिक बसणार कुठे? पहिला महिना-दीड महिना जुन्या मऊ धोतराचे लंगोटच कामाला आले. दिवसाला दहा-बारा बदलावे लागतात, हे धरून चाला. डायपर आधी दोन घ्या, वापरून बघा, मग बाकीचे.

डायपर गळतोय? नवं सुती पॅड पहिल्या दिवशी नीट शोषत नाही, चार-पाच धुण्यांनंतर सुधारतं. जुनं पॅड अचानक गळायला लागलं तर फॅब्रिक सॉफ्टनर आणि रॅशच्या मलमावर संशय घ्या. दोन्हींचा थर बसतो आणि पाणी वरून ओघळून जातं. पॅडवर थेंबभर पाणी टाकून बघा, थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर निदान झालंच.

धुतल्यावरही मुताचा उग्र वास येतोय? माझ्याकडे हे दोन कारणांनी झालं. एक, पर्यावरणाच्या प्रेमापोटी रिठ्याचं पाणी. लोकरीला ते छान, लंगोटाला पुरत नाही. दुसरं, टँकरचं जड पाणी, त्यात साबण नीट निघतच नाही. मग आधी गार पाण्यात एक खळबळ, नंतर गरम पाण्यात पुरेशी पावडर, शेवटी एक जादा पाणी, असं सुरू केलं आणि आठवड्यात फरक पडला. ओले डायपर झाकणाच्या बादलीत दोन-दोन दिवस साठवू नका. जंतुनाशकाचं टोपण ओतायची सवयही सोडा, कापडात राहिलेला अंश कातडीला चावतो.

पावसाळ्यात दमट डायपर बांधण्यापेक्षा रात्री सरळ वापरून फेकायचा लावा. त्यावर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असलं तरी तो कुंडीत पुरू नका. पुण्यात कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून देतात, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचे हात त्यात जात नाहीत. इतर गावांतही हे करायला काय हरकत आहे?

‘घरचं आहे, काही होत नाही’

दुकानातली फसवणूक एक वेळ कळते, घरातली अवघड. ओवा-शेपाची धुरी, निखाऱ्याची शेगडी, पाळण्याला बांधलेली ओवा-कापराची पुरचुंडी, गुटीतला मधाचा थेंब: सगळं शंभर टक्के नैसर्गिक. पण धूर तो धूर, आणि बंद खोलीतल्या कोळशाचा वायू तर जीवावर बेततो. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. मधातून अर्भकाला बोटुलिझम ही जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध नको. मोहरीची उशीही नको; बाळाला सपाट, घट्ट गादी पुरते.

हे घरात बोलायचं कसं, ही खरी अडचण. “अहो आई, शेक मला द्या, बाळाला बाहेरच्या खोलीत ठेवते,” एवढ्यावर आमच्याकडे भागलं. मीही खिडकी उघडी ठेवली, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

खेळण्यांचं थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. त्यामुळे लाकडी खुळखुळ्यावर चिन्ह नसेल तर तो बनावटच असं नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा, दांडा ओढून बघा, आतले मणी सुटतील का ते पाहा. फडक्यावर रंग उतरला तर खुळखुळा शोकेसमध्ये.