स्तोत्र 136 मंडळीकडून कसं गाऊन घ्यावं

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 पैकी 55 स्तोत्रांच्या मथळ्यात 'मुख्य गवयासाठी' अशी सूचना आहे. म्हणजे ही स्तोत्रं गाण्यासाठीच होती. तरी बऱ्याच उपासनांत ती फक्त वाचली जातात. गायला सुरुवात करायची तर 136 वं स्तोत्र सगळ्यांत सोयीचं, कारण त्याच्या 26 वचनांपैकी प्रत्येकाचा शेवट एकच आहे: 'त्याची दया सनातन आहे.' बाबेलहून परतलेल्या लोकांनी मंदिराचा पाया घातला तेव्हा याच आशयाचे शब्द आळीपाळीने गायले गेले (एज्रा 3:11). पुढाऱ्याने वचनाचा पहिला भाग म्हणायचा आणि मंडळीने दुसरा. छापील कागद नसला तरी चालतं, वाचता न येणारी लहान मुलंसुद्धा गातात.

आधी ध्रुपदाची, म्हणजे मंडळीने दर वेळी गायच्या ओळीची, चाल पक्की करा. सा ते प एवढ्याच स्वरांत ठेवा, ताना-मुरक्या नकोत. केरवा या आठ मात्रांच्या तालाची दोन आवर्तनं, म्हणजे 16 मात्रा पुरतात. पहिल्या आवर्तनात 'त्या' समेवर (पहिल्या मात्रेवर), 'ची' तिसऱ्या मात्रेवर, 'द' पाचवीवर, 'या' सहावीवर धरून सातवीपर्यंत आणि 'स' आठवीवर. दुसऱ्या आवर्तनात 'ना' समेवर, 'तन' तिसरीवर, 'आ' पाचवीवर, 'हे' सातवीवर. शेवटची आठवी मात्रा रिकामी सोडायची, ती श्वासासाठी.

बिघडतं ते बहुतेक 'स'पाशी. 'दया' लांबवण्याच्या भरात 'स' उशिरा येतो आणि समेवर पडतो. मग ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, 'ना' घाईत उरकतो आणि मंडळी विस्कळीत होते. तालमीत फक्त 'दया स-ना' एवढाच तुकडा टाळी देत दहा वेळा म्हणून घ्या. ठेका त्यानंतर.

पुढाऱ्याच्या ओळी ठेक्यात बसवू नका. काही वचनं दोन-चार शब्दांत संपतात, काही चांगलीच लांब आहेत. सगळी एकाच मापात कोंबली तर शब्द चिरडतात, आणि इथे शब्दच मुख्य आहेत. 'मी आत्म्याने गाईन व बुद्धीनेही गाईन' असं पौल लिहितो (1 करिंथ 14:15), शब्द कळलेच नाहीत तर त्यातलं दुसरं होत नाही. म्हणून पुढाऱ्याने एकाच स्वरावर, 'प'वर, बोलण्याच्या गतीने वचन म्हणावं आणि शेवटच्या दोन-तीन अक्षरांत 'सा'वर उतरावं. या वेळी पेटीने नुसता सूर धरावा, तबला थांबावा. 'सा' आला की पुढाऱ्याने हात वर करून मंडळीला आत घ्यावं आणि तबल्याने थेट समेवर यावं. हाताची खूण चुकली की निम्मे लोक आधी सुरू होतात, म्हणून ती पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत एकसारखीच हवी.

पट्टी, म्हणजे 'सा' कोणत्या सुरावर धरायचा ते, पुढाऱ्याच्या गळ्यावरून ठरवू नका. स्त्रियांसाठी वरच्या सप्तकातली पांढरी दोन (पेटीवर 'सी'पासून मोजलेली दुसरी पांढरी पट्टी) ही साधारण मर्यादा धरा, पुरुष त्याच्या एक सप्तक खाली गातात. या स्तोत्राची चाल 'प'च्या वर जात नसल्याने पांढरी चार पट्टी सर्वांना झेपते. इतर गीतांना हाच हिशेब लावा: चाल मध्य 'सा'पासून तार 'रे'पर्यंत (वरच्या सप्तकातल्या 'रे'पर्यंत) जात असेल तर पांढरी एक घ्या. तीच काळी दोनमध्ये गायली तर तार 'रे' पांढरी चारवर जातो आणि मागच्या रांगा गप्प होतात. त्यांची भक्ती कमी पडत नाही, गळा पुरत नाही. तबला एका पट्टीत लावलेला असतो, त्यामुळे एकाच पट्टीतली गीतं लागोपाठ ठेवा. गिटार पेटीला जुळवायची, कारण पेटीचे सूर जागेवर हलवता येत नाहीत.

वेळ आधीच मोजा. मिनिटाला 120 मात्रांच्या गतीने ध्रुपदाला 8 सेकंद लागतात, पुढाऱ्याला सरासरी 6. पूर्ण स्तोत्र साधारण 6 मिनिटांत होतं. वेळ कमी असेल तर मधली वचनं वाटेल तशी गाळू नका, अर्थ तुटतो. वचनं 1 ते 9 मध्ये आवाहन आणि सृष्टीची निर्मिती आहे, 10 ते 22 मध्ये मिसरातून सुटका, रानातला प्रवास आणि वतन, 23 ते 26 मध्ये समारोप. 1 ते 9 आणि 23 ते 26 घेतली तर 3 मिनिटांत होतं. पूर्ण स्तोत्र जमलं तर उत्तमच, कारण तारणाचा सगळा इतिहास त्यात ओळीने येतो. पुढाऱ्याने सीहोन आणि ओग ही नावं (वचनं 19 व 20) आधी मोठ्याने म्हणून पाहावीत, अडखळणं हमखास तिथेच होतं.

पुढाऱ्याने ध्रुपदाच्या वेळी माइकपासून हातभर मागे सरावं. त्याचाच आवाज स्पीकरवर घुमत राहिला तर मंडळी ऐकत बसते. तिसऱ्या-चौथ्या वचनानंतर मंडळी सावरली की त्याने ध्रुपद गाणं पूर्ण थांबवून फक्त हाताने खूण करावी. शेवटच्या वचनाला तबला बंद, पेटी बंद, नुसते गळे.