काजू कारखान्याची वर्षाची तयारी

सिंधुदुर्गात काजू बी येते फेब्रुवारी ते मे, आणि गर विकायचा असतो वर्षभर. म्हणून खरेदीला बाहेर पडण्याआधी हिशेब विक्रीच्या बाजूने मांडा. रोज ५०० किलो बी फोडायची आणि महिन्याला २५ दिवस काम धरले, तर जून ते फेब्रुवारीसाठी सुमारे ११२ टन बी गोदामात हवी. शंभर किलो बीतून साधारण २५ ते ३० किलो गर निघतो. तेवढा खपणार नसेल तर बी कमीच घ्या, बँकेचे व्याज पडून राहिलेल्या गोणीलाही लागते.

प्रत्येक गाडीतून किलोभर नमुना काढा, बी कापा, चांगला गर तोलून मगच दर बोला. वाळवणात मात्र अजिबात घाई नको. खळ्यावर दोन-तीन कडक उन्हे द्या, रात्री ताडपत्री घाला आणि ओलावा ८-९ टक्क्यांवर आल्याशिवाय गोणी शिवू नका. ओली बी जुलैत बुरशी धरते आणि शेजारच्या गोण्याही नासवते. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावा. तिच्यावर तारीख, गाव, ओलावा यांची चिठ्ठी हवीच. आधी आलेला माल आधी फोडायचा हा नियम बरोबर आहे, पण कोकणातल्या पावसाळ्यात मी ओलाव्याला तारखेच्या वर ठेवतो. दमट लागलेली थप्पी रांग मोडून आधी घ्या.

फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले किफायतशीर खरेदीचे सूत्र, म्हणजे एका वेळी किती माल मागवावा याचे गणित, सारखा खप आणि हवा तेव्हा मिळणारा माल गृहीत धरते. बीला ते लागू पडत नाही; डबे, लेबले, खोकी यांना पडते. मागणी कधी द्यायची याचा हिशेब वेगळा: दिवसाला ११.३४ किलोचे १२ डबे लागतात आणि माल यायला दहा दिवस जातात, तर १२० डबे उरताच मागणी द्यावी. पावसात घाटात दरड कोसळून रस्ता अडतो, तेव्हा आणखी पाच दिवसांचे धरून १८० वरच फोन करा.

फोडलेला गर सोलणीपाशी, म्हणजे गरावरची पातळ साल काढतात तिथे, साचू देऊ नका. सोलणाऱ्या बायका जेवढा उरकतील तेवढीच बी सकाळी कटिंगला, म्हणजे फोडायला काढा.

वहीत गराच्या २४०, ३२० (एका पौंडात साधारण तितके अख्खे गर बसतात) आणि तुकडा या प्रतींची पाने वेगळी ठेवा. नुसता ‘एकूण गर’ लिहिला तर २४० संपल्याचे ऐन गणपतीच्या तोंडावर कळते.