फिनालेतला स्कोर म्युझस्कोरमध्ये कसा न्यावा: स्वर येतात, पान येत नाही

डिसेंबर जवळ आला की नागपूरच्या सदर भागात क्वायरच्या (चर्चमधल्या गायकवृंदाच्या) तालमी सुरू होतात आणि माझ्याकडे पेनड्राइव्ह येऊ लागतात. आत बारा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी फिनाले या संगीत लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेली मराठी भजनं, म्हणजे त्यांचे स्कोर (स्वरलेखनाची पानं) असतात. ज्या कॉम्प्युटरवर ती लिहिली तो आता सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, आणि नव्या मुलांच्या लॅपटॉपवर असतं म्युझस्कोर, तशाच कामाचा दुसरा प्रोग्रॅम. फाइलवर डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. मग फोन: "सर, हे काहून उघडत नाही?"

प्रत्येक नोटेशन प्रोग्रॅमची फाइल वेगळी. फिनालेची एमयूएसएक्स (2014 च्या आधीची एमयूएस), सिबेलियसची एसआयबी, म्युझस्कोरची एमएससीझेड. ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडेल असं धरून चालू नका. या सगळ्यांना कळणारी मधली भाषा म्हणजे म्युझिकएक्सएमएल. मायकल गुड यांनी ती तयार केली, पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली, चौथी 2021 मध्ये. आपल्याला तिच्यातलं एक अक्षरही वाचावं लागत नाही.

घाई का करायची, तेही सांगतो. 26 ऑगस्ट 2024 रोजी मेकम्युझिक कंपनीने फिनालेचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. आज चालणारी प्रत चालत राहील, पण नवा कॉम्प्युटर, नवी विंडोज आली की काय होईल, याचा भरवसा नाही. म्हणून जुन्या फाइली बाहेर काढायच्या त्या जुनं मशीन जिवंत आहे तोवरच.

आधी पीडीएफ, मग बाकी सगळं

जुन्या प्रोग्रॅममध्ये स्कोर उघडा आणि सर्वात आधी त्याची पीडीएफ काढा. पूर्ण स्कोरची एक आणि जमलं तर प्रत्येक वाद्याच्या पार्टची वेगळी. ही पायरी लोक हमखास टाळतात. पण रूपांतरानंतर काय हरवलं हे कळायला मूळ पान समोर लागतं, आठवणीवर ते होत नाही. सोबत ऑडिओही एक्सपोर्ट करून ठेवला तर उत्तम.

मग स्कोरवर एकदा नजर फिरवा. स्लर (स्वर जोडणारी कमान) किंवा क्रेसेंडोची (आवाज वाढवत नेण्याची) खूण प्रोग्रॅमच्या ठरलेल्या साधनाने न देता कोणी नुसती रेघ ओढून "काढली" असेल, तर ती पलीकडे जाणार नाही किंवा भलतीकडे जाऊन बसेल. अशा जागा आत्ताच नीट करा.

एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट

फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्युझस्कोर, चारही ठिकाणी रस्ता जवळपास सारखाच: फाइल मेनू, एक्सपोर्ट, म्युझिकएक्सएमएल. दाबलेली म्हणजे कॉम्प्रेस्ड आणि साधी असे दोन प्रकार दिसतील. दाबलेली एमएक्सएल फाइल ही खरं तर झिपच असते, ईमेलला सोयीची. ती समोर उघडली नाही तर साधी पाठवा.

म्युझस्कोरमध्ये फाइल, ओपन, आणि ती फाइल निवडा. त्याआधी प्रेफरन्सेसमधल्या इम्पोर्ट विभागात जाऊन जुनी मांडणी आणि पान तोडण्याच्या जागा आणायचा पर्याय बंद करा, असा माझा सल्ला. जुन्या प्रोग्रॅमचे समास नव्यात ओढून आणले की ओळी एकमेकींवर चढतात. स्वर येऊ द्या, पान आपण नव्याने लावू.

मिडी फाइलने हे काम करू नका. मिडीला फक्त कोणती पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली हे ठाऊक. काळी एक ही सी शार्प लिहायची की डी फ्लॅट, हे तिला कळत नाही, दोन्हींचा आकडा एकच. स्लर नाहीत, आणि वाजवणारा जरा मागेपुढे झाला असेल तर विचित्र छोट्या विश्रांतींची रांग लागते. दुसरं काहीच हाती नसेल तेव्हाच मिडी.

प्रोग्रॅमही गेला आणि फक्त छापील पान उरलं असेल तर ऑडिव्हेरिस नावाचा मोफत प्रोग्रॅम स्कॅनवरून स्वर ओळखून म्युझिकएक्सएमएल देतो. कॉम्प्युटरवरून निघालेल्या स्वच्छ पीडीएफवर बरं काम करतो, हाताने लिहिलेल्या वहीवर नाही.

तपासणी

पहिल्यांदा बार (उभ्या रेघांमधले मात्रांचे कप्पे) मोजा. जुन्यात 64 आणि नव्यात 65 असतील तर कुठेतरी पहिला अर्धा बार किंवा रिपीटचा दुसरा शेवट बिघडला आहे. मग रिपीटच्या खुणा, मग ढोलक-ड्रमची ओळ. तालवाद्यांची ओळ तर जवळपास दर वेळी हातानेच दुरुस्त करावी लागते, कारण कोणत्या रेषेवर कोणता आवाज हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या परीने ठरवतो.

बँडचा स्कोर असेल तर खरी मेख ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनमध्ये. या वाद्यांवर लिहिलेला स्वर एक आणि वाजणारा दुसराच असतो, म्हणून त्यांचे पार्ट स्वर बदलून लिहावे लागतात. माझ्या हातून एकदा ट्रम्पेटचा पार्ट एक पूर्ण स्वर वर गेला आणि तालमीला पहिल्या ओळीतच सगळे थांबले. जुन्या प्रोग्रॅमने स्वर बदलून दिले होते आणि मी नव्यात पुन्हा बदलले. आता माझी खूण साधी आहे. गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मेजरमध्ये असेल आणि म्युझस्कोरमधलं "कॉन्सर्ट पिच" (प्रत्यक्ष वाजणारे स्वर दाखवणारं) बटण बंद असेल, तर बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या ओळीला दोन शार्प दिसले पाहिजेत, आल्टो सॅक्सला तीन. तसं नसेल तर एकही पार्ट छापू नका.

मराठी शब्दांचं प्रकरण

इतकं सगळं जमलं तरी खरा घोळ शब्दांत होतो, आणि इंग्रजी व्हिडिओंमध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जुन्या स्कोरमधले मराठी शब्द बहुतेक कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. बर्डीवरच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेत तर हमखास. या फाँटमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मुखवटा मराठीचा. म्युझिकएक्सएमएल तो मुखवटा सोबत नेईलच असं नाही. मग "नाम" हा शब्द नव्या स्कोरमध्ये यू-के-ई अशा तीन इंग्रजी अक्षरांत उभा राहतो आणि क्वायरमधल्या मावशी विचारतात, हे कोणत्या भाषेतलं भजन?

फाँट बदलून मुखवटा परत चढवता येतो, पण तो उपाय तात्पुरता, पुढच्या कॉम्प्युटरवर पुन्हा तेच. शब्द बाहेर काढून कृतिदेवचं युनिकोड (आतूनही खरी मराठी अक्षरं) करणाऱ्या कन्व्हर्टरमधून फिरवा आणि पुन्हा बसवा. छोट्या भजनाला मी सरळ नव्याने टाइप करतो. म्युझस्कोरमध्ये पहिला स्वर निवडून कंट्रोल-एल दाबायचं, अक्षर लिहून आडवी रेघ दिली की पुढच्या स्वरावर, शब्द संपला की स्पेस. जोडाक्षर फोडू नका: "ख्रिस्त" हा ख्रि-स्त असा लिहा, ख्रिस्-त असा नाही, नाहीतर पाय मोडलेला स विचित्र दिसतो. स्टाइलमध्ये लिरिक्सच्या सम आणि विषम अशा दोन्ही ओळींना मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी फाँट द्या. एकालाच दिला तर दुसरं कडवं वेगळ्याच वळणात छापून येतं.

(भातखंडे लिपीत, म्हणजे सा-रे-गच्या अक्षरांत लिहिलेल्या बंदिशी या वाटेने नेता येत नाहीत. त्या हातानेच लिहाव्या लागतात.)

फाइली शेकड्याने असतील तर एकेक करत बसू नका. फिनालेच्या एक्सपोर्ट मेनूतच अख्खा फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएल करायची सोय आहे. रात्री लावून द्या, सकाळी मूळ फाइल, म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ तिन्ही एकाच नावाने एका फोल्डरमध्ये टाका, आणि तो फोल्डर त्या जुन्या मशीनशिवाय आणखी कुठेतरीही ठेवा.