मिलिटरीत जायचं म्हणता, पण तुम्ही कोणत्या पोट्ट्यांपैकी?

भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्याला पहिला प्रश्न उंचीचा किंवा छातीचा विचारू नये. कशासाठी जायचंय, हे विचारावं. तयारी कुठे फसेल ते त्या उत्तरावरून कळतं.

आपल्या विदर्भात सगळ्यात जास्त भरणा कोरडवाहू वावरातल्या पोरांचा. तीन-चार एकर कापूस-सोयाबीन, बापावर सोसायटीचं कर्ज, आणि घरात महिन्याला ठरलेला पैसा आणणारं कोणीच नाही. पगारासाठी सैन्यात जाण्यात काहीही कमीपणा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मात्र हिशेब डोळे उघडे ठेवून करा. जून 2022 पासून शिपाई म्हणून जाण्याची वाट अग्निपथ योजना हीच आहे. मुदत 4 वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000 ठरलेले, त्यातले हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000 पैकी हातात 28,000. कापलेल्या 30 टक्क्यांत सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख सेवा निधी मिळतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणून घरी "कायमची नोकरी लागली" असं सांगून त्या भरवशावर कर्ज काढू नका. बहिणीचं लग्न सेवा निधीवर ठरवणारी घरंही आहेत. तो पैसा चौथं वर्ष संपल्यावर येतो, आधी नाही.

दुसरे, घरात फौजी असलेले. साताऱ्याकडे अपशिंगेसारखं गावच मिलिटरीचं म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे तशी गावं विरळ, पण लष्करी ठाणी असलेल्या कामठी, पुलगावच्या आसपास आणि महार रेजिमेंटची परंपरा असलेल्या घरांत आजोबा-काकांकडून बरंच कळतं. या पोरांना शिस्त, रजा, बदली यांची भीती नसते. त्यांची अडचण वेगळी आहे. काकांची माहिती काकांच्या काळातली असते. तेव्हा थेट मैदानावर जाऊन पळायचं आणि लेखी नंतर असायची. आता ते उलटं आहे.

तिसरे, वर्गात मन न लागणारे पण कबड्डीत, पळण्यात दांडगे. चौथे, कोणतीही वर्दी चालेल म्हणणारे. पाचवे, घरच्या कटकटीतून सुटायला निघालेले. या शेवटच्यांना सरळ सांगतो, ट्रेनिंग सेंटरमध्ये एकांत नाही, मोबाइल हवा तेव्हा हातात नाही, आणि बॅरेकमध्ये चोवीस तास माणसांतच राहायचं आहे. घर सोडायचं एवढंच कारण असेल तर आधी नागपूर-पुण्याला काम धरून बघा. पण घरचं दुःख असूनही फौज मनापासून हवी असेल तर बिनधास्त या. अशी पोरं चिवट निघतात.

आता तो सापळा, ज्यात तिसऱ्या प्रकारचे जवळजवळ सगळेच अडकतात. 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी होते. ती निघाली तरच रॅलीला, म्हणजे पळणं आणि मेडिकल होतं त्या मैदानी भरतीला, बोलावणं. म्हणजे 1600 मीटर पाच मिनिटांत मारणारा पोट्टा लेखीत राहिला तर त्याचं पळणं कोणी बघतसुद्धा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दिवस पळण्यातच जातो, कारण पळताना तयारी झाल्यासारखी वाटते आणि गणित सोडवताना लाज वाटते.

जनरल ड्यूटीचा, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाचा, पेपर 50 प्रश्नांचा, 100 गुणांचा, वेळ एक तास. सामान्य ज्ञान 15, विज्ञान 15, गणित 15, तर्क 5. बरोबर उत्तराला 2, चुकलं की अर्धा गुण वजा. 40 सोडवले, 30 बरोबर, 10 चूक, तर 60 मधून 5 जाऊन 55. चारही पर्याय अनोळखी असतील तर तुक्क्यातून जवळजवळ काही मिळत नाही, सोडून द्या. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं तर मात्र उत्तर मारा, त्यात फायदाच आहे. आणि 35 गुणांना पास म्हणतात म्हणून 35 चं लक्ष्य ठेवू नका. यादी गुणवत्तेने लागते. गणित-विज्ञानाला आठवी ते दहावीची बोर्डाची पुस्तकंच पुरतात, गाइडांचा ढीग नको. पेपर मराठीतूनही देता येतो, भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते. ज्याने माउस कधी धरला नाही त्याने महिनाभर आधी गावच्या संगणक केंद्रात बसून सराव परीक्षा द्यावी. उत्तर येत असूनही वेळ संपतो, तो याच कारणाने.

याच सापळ्याचा दुसरा दात म्हणजे अर्ज. सेतूवाल्याकडे गर्दी असते, तो स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. पुढे प्रवेशपत्र त्याच्याकडे येतं आणि तुम्हाला तारीख गेल्यावर कळतं. ईमेल स्वतःचा काढा, पासवर्ड वहीत लिहा. नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सनदेवर आहे तशीच, अक्षर न् अक्षर, आधारवर असू द्या. वऱ्हाडात शाळेत एक नाव आणि आधारवर दुसरं हे घरोघरी आहे. दुरुस्तीला वेळ लागतो, जाहिरात निघायच्या आधीच करून घ्या. जन्मतारखेची अटही त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून मोजा, मित्राच्या तोंडून नाही. दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात. बुलढाण्याची पोरं छत्रपती संभाजीनगरच्या भरती कार्यालयात येतात, बाकी विदर्भ नागपूरला.

मैदानाचं थोडक्यात. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत, 60 गुण. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी 82 सेकंदांची. गर्दीबरोबर पहिली फेरी 70 सेकंदांत मारणारे तिसऱ्या फेरीत बसतात. आठवड्यात दोन दिवस 400 मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक 80 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस सावकाश सात-आठ किलोमीटर. एक दिवस पूर्ण आराम. रोज डांबरी रस्त्यावर धावलात तर नडगी दुखणार, धुऱ्यालगतचा कच्चा रस्ता बरा. दहा बीमला, म्हणजे आडव्या दांडीला लटकून हनुवटी वर नेण्याला, 40 गुण आहेत आणि पोरं बीम शेवटच्या महिन्यावर ढकलतात. एकही निघत नसेल तर उडी मारून वर जा, हळूहळू खाली या, पाच वेळा, तीन खेपा, दिवसाआड. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग (नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणं) फक्त पार करायचे, त्याला गुण नाहीत. रॅलीत मोबाइलवर अ‍ॅडाप्टेबिलिटी टेस्टही (फौजेच्या राहणीशी जुळवून घ्याल का, हे बघणारी) होते, चार्ज केलेला फोन आणि नेटपॅक लागतो.

मेडिकलला कानातला मळ, किडलेले दात, मूळव्याध, हायड्रोसील, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे यावर पोरं अडकतात. कान, दात आधीच दाखवा, ते सहज निस्तरतं. गोंदण किंवा टॅटू नवा काढू नका, शरीरावर कुठे चालतो याचे नियम कडक आहेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडच्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी जरूर करावी. वाहक असलेल्याला उन्हात पाण्याविना दमेपर्यंत पळणं जिवावर बेतू शकतं. 168 सेंटिमीटर उंची भरत नसेल तर व्यायामाने वाढेल या आशेवर दोन वर्षं घालवू नका. आदिवासी उमेदवारांना उंचीत सवलत आहे, जातीचं प्रमाणपत्र तयार ठेवा. नाहीतर फौजेतल्याच क्लार्कच्या पदाला 162 चालते, तिकडे अभ्यास करा.

अकॅडमीबद्दल माझं मत पक्कं आहे. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो जास्त, तिथे शिकवणं कमी. गावात निवृत्त सुभेदार किंवा हवालदार असेल तर त्याच्याकडे पहाटे जा. मूळ सनद कोणाच्याही हवाली करू नका, अकॅडमीच्या तर नाहीच. "वर सेटिंग आहे" म्हणणारा दलाल काही करू शकत नाही. तुम्ही स्वतःच्या बळावर निघालात तरी तो पैसे घेतो आणि राहिलात तर फोन उचलत नाही.

मुलींनो, तुमच्यासाठी मिलिटरी पोलिसात जागा निघतात. 162 सेंटिमीटर उंची, 1.6 किलोमीटर साडेसात मिनिटांत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. घरचे रस्त्यावर धावू देत नसतील तर दोघी-तिघींनी मिळून शाळेच्या मैदानाची परवानगी मागा, एकटीपेक्षा तिघींना नाही म्हणणं अवघड जातं.

बारावीत गणित घेतलेल्यांनी एनडीएचा, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, अर्ज भरायलाच हवा, अधिकारी होणं शहरातल्या पोरांची मक्तेदारी नाही. आणि वर्दी कोणतीही चालेल म्हणणाऱ्या चौथ्या प्रकारच्यांनी लक्षात ठेवा, पोलिस भरतीत 1600 मीटरला पूर्ण गुण 5 मिनिटं 10 सेकंदांना मिळतात आणि गोळाफेक असते, तर सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत 5 किलोमीटर 24 मिनिटांत धावावं लागतं आणि उंची 170 लागते. लांब पल्ल्याचा सराव आत्ताच सुरू ठेवलात तर तिन्ही अर्ज एकाच वर्षी भरता येतात.