एनएफएलचा ऑफसीझन: खेळाडूंची उलाढाल कशी जोखायची

फेब्रुवारीत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, अंतिम सामना सुपर बोल संपला की सप्टेंबरपर्यंत एकही खरा सामना नसतो, पण संघ घडतो तो याच काळात. कोण आला, कोण गेला, कुणाला केवढा करार मिळाला, याच्या बातम्या रोज येतात. न्यू जर्सी किंवा डॅलसमध्ये राहून तिथला संघ आपला मानणारे मराठी चाहते असोत, की पुण्यात रात्री जागून सामने बघणारे, मत बनवायची घाई सगळ्यांनाच होते. त्याआधी प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारा. हे पैसे कुठल्या वर्षी मोजले जाणार? दोन वर्षांनी या खेळाडूला सोडलं तर संघाच्या अंगावर किती येणार? आणि त्याच जागेसाठी स्वस्तात कुणी मिळालं असतं का?

आधी तारखा

नवं लीग वर्ष मार्चच्या मध्यावर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी ४ वाजता सुरू होतं. भारतात तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले असतात. त्याच्या ५२ तास आधीपासून करार संपत आलेल्या खेळाडूंच्या एजंटांशी बोलणी करायला परवानगी असते. २०२५ साली ही वेळ १० मार्चला, भारतातल्या रात्री साडेनऊला सुरू झाली. मोठ्या बातम्या याच दोन दिवसांत फुटतात, आणि त्यात करारांचे तपशील जवळजवळ नसतातच. म्हणून त्या रात्री फक्त नावं टिपून ठेवा. हमीचे आणि बोनसचे खरे आकडे पुढच्या काही दिवसांत बाहेर येतात. मत तेव्हा बनवा.

करार उलगडायचा कसा

अमेरिकन बातमीतल्या मिलियनला १० ने भागलं की कोटी मिळतात. समजा बातमी आली, '४ वर्षं, ६.५ कोटी डॉलर'. आतली मांडणी अशी: सायनिंग बोनस २ कोटी, आणि मूळ पगार पहिल्या वर्षी २० लाख, मग १ कोटी, १.५ कोटी, १.८ कोटी. बोनसचे पैसे खेळाडूच्या हातात लवकर पडतात, पण सॅलरी कॅपच्या (प्रत्येक संघाच्या वर्षभराच्या पगारखर्चाची मर्यादा) हिशेबात ते कराराच्या वर्षांत सारखे वाटले जातात, जास्तीत जास्त ५ वर्षांत. इथे वर्षाला ५० लाख. म्हणजे कॅपवरचा भार ७० लाख, १.५ कोटी, २ कोटी आणि २.३ कोटी.

तिसऱ्या वर्षाआधी त्याला सोडलं तर बोनसचे उरलेले दोन हप्ते, म्हणजे १ कोटी, एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. २ कोटींचा भार जाऊन १ कोटीचा राहतो, तेव्हा बचत १ कोटीची. पहिल्या दोन वर्षांचाच पगार हमीचा असेल, तर हा करार खरा दोन वर्षांचा आणि ३.२ कोटींचा. पुढची दोन वर्षं म्हणजे संघाच्या हातातला पर्याय. असा करार दिसला की '६.५ कोटी उधळले' असं म्हणू नका.

रिस्ट्रक्चरची बातमी आली की मात्र सावध व्हा. दुसऱ्या वर्षीच्या १ कोटी पगारातले ९० लाख बोनसमध्ये बदलले, तर उरलेल्या तीन वर्षांत ३०-३० लाख वाटले जातील. त्या वर्षीचा भार १.५ कोटींवरून ९० लाखांवर येतो. ६० लाख मोकळे झाले म्हणून चाहते खूश. पण तिसऱ्या वर्षीचा भार २.३ कोटी होतो, आणि तेव्हा सोडलं तर डेड मनी १ कोटीऐवजी १.६ कोटी. खेळाडूला एक पैसाही कमी मिळालेला नाही. संघाने फक्त देणं पुढे ढकललंय. पुढची दोन वर्षं हमखास खेळवायच्या माणसाबाबत हे योग्य आहे. तिशी ओलांडलेल्या, दुखापतींनी बेजार खेळाडूबाबत असं केलं, तर दोन वर्षांनी संघाला त्याला सोडणंही परवडत नाही. कराराच्या शेवटी जोडलेल्या 'व्हॉइड' वर्षांचंही तेच. त्या वर्षी खेळाडू संघात नसतो, पण त्याच्या बोनसचा उरलेला हप्ता कॅपवर येतोच.

१ जूनचा नियम

१ जूननंतर सोडलेल्या खेळाडूच्या बोनसचा चालू वर्षाचा हप्ताच या वर्षी मोजतात, बाकीचा पुढच्या वर्षी. वरच्या मूळ करारात तिसऱ्या वर्षी असं सोडलं, तर त्या वर्षी ५० लाख, पुढच्या वर्षी ५० लाख, आणि त्या वर्षीची बचत १.५ कोटी. संघाला दोन खेळाडू मार्चमध्येच या सवलतीखाली सोडता येतात, पण कॅपमधली जागा २ जूनलाच मोकळी होते. त्यामुळे मार्चमध्ये 'आता या पैशातून पासरशर (विरोधी क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा बचावपटू) आणा' असं म्हणणं फोल आहे. तो पैसा ड्राफ्टमधल्या (कॉलेजमधून येणारे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायची प्रक्रिया) नव्या पोरांच्या करारांना आणि पुढे दुखापती झाल्यावर कामी येतो.

याचा सर्वांत मोठा धडा डेन्व्हरचा. मार्च २०२४ मध्ये ब्रॉन्कोजने क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) रसेल विल्सनला याच सवलतीखाली सोडलं. डेड मनी ८.५ कोटी: २०२४ मध्ये ५.३ आणि २०२५ मध्ये ३.२. त्याचा २०२४ चा ३.९ कोटी पगार हमीचा होता. पिट्सबर्गने त्याला किमान वेतनात, १२.१ लाखांत घेतलं आणि उरलेले ३.७७९ कोटी डेन्व्हरने भरले. तरीही डेन्व्हर त्याच हंगामात प्लेऑफला पोचलं, कारण ड्राफ्टमध्ये १२ व्या निवडीने घेतलेला बो निक्स क्वार्टरबॅकच्या जागी रुकी करारावर, म्हणजे नवख्याच्या स्वस्त करारावर, खेळत होता. डेड मनीचा आकडा बघून हंगाम गेला असं ठरवण्याआधी क्वार्टरबॅक कितीला पडतोय ते बघा.

कॅपचा खरा हिशेब

कॅप २०२१ मध्ये, कोविडमुळे उत्पन्न घटल्यानंतर, १८.२५ कोटी होती. २०२४ मध्ये २५.५४ आणि २०२५ मध्ये २७.९२. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे करार डॉलरमध्ये तोलू नका, टक्क्यांत तोला. वर्षाला २ कोटी म्हणजे २०२१ मध्ये कॅपचे जवळपास ११ टक्के, २०२५ मध्ये ७ च्या आसपास.

ऑफसीझनमध्ये संघात ९० खेळाडू ठेवता येतात, पण कॅपवर सर्वांत महागडे ५१ च मोजतात. ३० लाख भाराचा खेळाडू घेतला की तळाचा, साधारण १० लाखांचा, यादीबाहेर जातो. म्हणजे जागा २० लाखांचीच गेली. हे विसरून वजाबाकी करणारे चाहते दर वर्षी संघ लवकर कंगाल ठरवतात. उलट चूकही होते: सप्टेंबरमध्ये सगळ्यांचे पगार मोजायला लागतात, सराव संघातल्या १६ जणांचेही. तेवढी रक्कम आधीच बाजूला धरा. न वापरलेली कॅप पुढच्या वर्षी नेता येते, त्यामुळे शिल्लक ठेवणारा संघ कंजूष असतोच असं नाही.

मार्चमधला शांतपणा

करार संपलेले खेळाडू गमावले आणि तेवढे घेतले नाहीत, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईच्या निवडी मिळतात. इतर संघाने कट केलेला खेळाडू घेतला तर तो या हिशेबात धरत नाहीत. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेलाही धरत नाहीत. बाल्टिमोरने वर्षानुवर्षं याच मार्गाने निवडी जमवल्या. आपला संघ मार्चमध्ये गप्प असेल तर आधी बघा, तो कट झालेल्यांकडे वळतोय का आणि मेची वाट बघतोय का.

फ्रँचायझी टॅग (करार संपणाऱ्या खेळाडूला एक वर्ष रोखून ठेवायचा संघाचा हक्क) लागला तर साधारणपणे त्या जागेवरच्या पाच सर्वांत महागड्या पगारांची सरासरी, किंवा खेळाडूच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, यातली मोठी रक्कम द्यावी लागते. जुलैच्या मध्यापर्यंत लांब पल्ल्याचा करार झाला नाही, तर ते वर्ष टॅगवरच.

ट्रेड आणि जागेचं मोल

ट्रेडमध्ये बोनसचे उरलेले हप्ते जुन्या संघाच्याच कॅपवर राहतात. नवा संघ पुढचा पगार देतो. म्हणून विकणाऱ्याचा डेड मनी आणि घेणाऱ्याचा नवा करार, दोन्ही बघा. मार्च २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) टायरीक हिल मायामीला दिला आणि ड्राफ्टच्या पाच निवडी घेतल्या. त्यातली २९ वी इतर निवडींसोबत देऊन संघ २१ व्या क्रमांकावर सरकला आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा) ट्रेंट मॅकडफी घेतला. पुढचे दोन्ही सुपर बोल त्यांनीच जिंकले. ट्रेडच्या दिवशी तारा गेला म्हणून रडणं सोपं होतं. निवडींचं काय झालं हे बघायला वर्ष लागतं.

रनिंग बॅकवर (चेंडू घेऊन पळणारा) पैसा घालू नये, हा चाहत्यांचा आवडता नियम. तो बहुतेकदा बरोबर असतो, पण २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने सॅक्वॉन बार्कलीला ३ वर्षांसाठी ३.७७५ कोटी दिले. त्याने त्या हंगामात २,००५ यार्ड काढले आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सने सुपर बोल जिंकला. वर्षाची सरासरी किंमत कॅपच्या ५ टक्क्यांच्या आत होती आणि त्याला वाट करून द्यायला पुढे लेन जॉन्सन, जॉर्डन मैलाटा यांच्यासारखी ऑफेन्सिव्ह लाइन तयार होती. लाइन कच्ची असताना हाच करार वाया गेला असता. खेळाडू कोणाच्या मागे, कोणाच्या शेजारी खेळणार हे बघितल्याशिवाय मत देऊ नका.

आणि एप्रिलच्या ड्राफ्टआधी अंतिम मत देऊच नका. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सला ४ वर्षांसाठी १८ कोटींचा करार दिला, त्यात १० कोटी हमीचे. एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्स ज्युनियर हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर बसला.

उन्हाळा आणि शेवटची छाटणी

मे-जूनच्या सरावात अंगाला भिडायची मुभा नसते. तिथे रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकच चमकतात. लाइनमनबद्दलच्या कौतुकाला जुलैअखेर पॅड चढेपर्यंत काही अर्थ नाही.

ऑगस्टअखेर ९० चे ५३ होतात. छाटलेल्यांपैकी ज्यांची लीगच्या हिशेबात धरली जाणारी चार वर्षं झाली नाहीत ते वेव्हरवर जातात, म्हणजे इतर संघ त्यांच्यावर दावा सांगू शकतात, आणि आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिला हक्क असतो. दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला हे दावे कळतात. त्यानंतर सराव संघ भरतो. त्यामुळे पहिली यादी हाती आल्यावर लगेच चिडू नका. पहिल्या आठवड्याच्या सामन्याला ५३ मध्ये असलेल्या अनुभवी खेळाडूच्या संपूर्ण हंगामाच्या पगाराला संरक्षण मिळतं, म्हणून काही संघ ओळखीच्या अनुभवी माणसाला कट करतात आणि तो सामना झाल्यावर परत बोलावतात. असं नाव यादीत दिसलं नाही, तर त्याच्या जागी कुणाला कायमचं घेतलंय का ते बघा. जागा रिकामी किंवा कच्च्या पोराकडे असेल, तर तो दुसऱ्या आठवड्यात परत येण्याची शक्यता चांगली असते.